पाणी कुणी दिलं

१२ ऑक्टोबर

आलो एकदाचे लखनौला! नागपूरहून निघालेला सामानाचा ट्रक आमच्याआधी पोचला आणि कपाटाचा आरसा शाबूत निघाला, तेव्हाच म्हटलं, दिवस चांगला आहे. राजरत्नची बदली झाली तेव्हा मी महिनाभर कुरकुरले होते, पण घर पाहून गप्प झाले. महानगर नावाच्या भागातली जुनी सोसायटी, दुसरा मजला, बाल्कनीत दुपारपर्यंत ऊन. शेजारच्या कपूरथला भागातला बाजार पायी जाण्याजोगा. टेबल खिडकीशी लावलंय. इथेच माझा प्रबंध पुरा होणार. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जर्मनीत शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांबद्दल पोलिसांना दिलेल्या खबरा, हा विषय ऐकून लोक विषय बदलतात.

समोरच्या दारात अवनी राहते, एकटीच. मूळची कोल्हापूरची, वडील फौजेत होते म्हणून वाढली इथे. मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीत. जानकीपुरमच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. चहाची किटली घेऊन आली, मला ताई म्हणाली, राजरत्नला दादा. तिनं लखनवी रिक्षावाल्यांची नक्कल केली तर राजरत्न डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. माझ्या कुठल्या बोलण्यावर तो शेवटचा असा हसला होता, ते मला आठवेना.

२६ ऑक्टोबर

आज सोसायटीची सभा झाली. अध्यक्ष रणजित सिंह नुकतेच निवडून आलेत. मऊ आवाज, स्वच्छ इस्त्री, प्रत्येकाचं नाव पाठ. वर्षभर बंद असलेली लिफ्ट त्यांनी आठवड्यात चालू केली म्हणे. लोक त्यांच्याकडे मुलं जादूगाराकडे बघतात तसं बघतात. पाणी कमी येतं याचं कारण त्यांनी सांगितलं: मागच्या इमारतीतले भाडेकरू चोरतात. पुरावा कुणी मागितला नाही.

अवनी उठून म्हणाली, “भैया, टंकी में दरार है। किराएदार क्या करें?”

चारदोन जण हसले. सगळ्यांत मोठ्यानं राजरत्न. रणजितही हसले, पण हसता हसता कोण कोण हसलं ते बघत होते. इटलीत आणि जर्मनीत सुरुवातीला लोकांना हायसं वाटलं होतं, निदान कुणीतरी काम करतंय म्हणून. माझ्या प्रबंधातलं पान समोर बसून बघतेय असं वाटलं. मजाच वाटली, खरं तर.

निघताना मी म्हटलं, आम्हीही भाडेकरूच. तर रणजित म्हणाले, “आप तो अपनी हैं।” अवनीला तसं म्हणाले नाहीत. मला बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर

आता रोज सकाळी गच्चीवर हजेरी असते. छातीवर हात ठेवून सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं: एक कॉलनी, एक घर. समितीच्या माणसांना करडी जॅकेटं मिळालीत. जो येत नाही त्याचं पाणी बंद. मागच्या इमारतीतल्या पिंकीचं केलंय. ती घरातच पार्लर चालवते, तान्हं बाळ आहे, सकाळी येणार कशी? पहिले काही दिवस सगळे हळहळले. मग तिचा विषय निघेनासा झाला.

राजरत्न येतो, पण हात खाली ठेवतो. मी ठेवते छातीवर. काय जातं? घरी त्याला तसं म्हटलं तर तो उठून बाल्कनीत गेला.

दुपारी प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहिलं. गुप्त पोलिस लोकांना वाटायचे त्यापेक्षा फार थोडे होते. माहिती लोकच आणून देत. त्यातल्या पुष्कळांना राजकारणाशी काही घेणंदेणं नव्हतं. कुणाला शेजाऱ्याचं दुकान डोळ्यांत खुपत होतं, कुणाची बायको दुसऱ्याकडे बघत होती.

३० नोव्हेंबर

स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं. बादली एक आणि कडीवर हात दोन. एक अवनीचा, एक राजरत्नचा. पिंकीच्या दाराशी बादली ठेवली, अवनीच्या ओढणीवर पाणी सांडलं, दोघं हसली. तेच हसू.

परत आल्यावर कुठे होतास विचारलं. भाजी आणायला गेलो होतो, म्हणाला. पिशवी रिकामीच होती.

नुसतं पाणीच द्यायचं होतं, तर खोटं कशाला?

३ डिसेंबर

रणजितकडे गेले. मक्खन मलाईचा द्रोण पुढे केला त्यांनी, थंडीतली खास मिठाई म्हणून. मी एवढंच सांगितलं की पिंकीला पाणी अवनी देते. खोटं काही बोलले नाही.

“और कोई?” त्यांनी विचारलं.

नाही म्हटलं. त्याला मी वाचवलंच की.

जिना चढताना पाय हलके झाले होते.

५ डिसेंबर

अवनीच्या दाराला कुलूप. नावाची पाटी नाही. स्क्रूची भोकं बुजवून वर रंग दिलाय, रंग वाळलेला. खालच्या मिश्राइनना (इथे मिश्रांच्या बायकोला असं म्हणतात) विचारलं तर म्हणाल्या, कोण अवनी? ते घर तर कधीचं रिकामं आहे. घाबरून म्हणाल्या असत्या तर समजले असते. त्या खरोखर गोंधळल्या होत्या. फोन लावला, असा नंबर नाही म्हणतात. मी फक्त पाण्याचं सांगितलं होतं. फार तर पाणी तोडतील, असं —

६ डिसेंबर

बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या. राजरत्न सकाळी अवनी हरवल्याची तक्रार द्यायला पोलिस ठाण्यावर जाऊन आला. त्यांनी त्यालाच विचारलं, तुमची तब्येत बरी आहे ना? मेणबत्तीपुढे बसून तो रडला. मी दारात उभी होते. माझ्यासाठी हा माणूस कधी रडलाय?

११ डिसेंबर

सगळ्यांसमोर मला करडं जॅकेट घातलं. माया बहन की आँखें खुली हैं, असं म्हणाले रणजित. टाळ्या पडल्या. राजरत्नला तिथेच सगळं कळलं.

घरी तो ओरडला नाही. पाणी द्यायला सुरुवात त्यानंच केली होती, अवनी नंतर आली, असं म्हणाला. मला का नाही सांगितलं? कारण गच्चीवर माझा हात बघितल्यापासून त्याला माझी भीती वाटत होती. मग म्हणाला, “तिच्या जागी मी असायला हवा होतो.”

बाकीचं सगळं विसरता आलं असतं. हे वाक्य नाही. तिच्या जागी. अजूनही तिच्याच.

१२ डिसेंबर

खाली रणजितकडे गेले. सांगितलं.

१४ डिसेंबर

त्याचे बूट नाहीत. दाढीचं सामान नाही. दोरीवरचा ओला शर्ट — चिमटे आहेत, शर्ट नाही. ऑफिसात असं कुणी नाही म्हणाले. घरमालकीण म्हणाली, बेटा, आप तो अकेली ही आई थीं।

सासूबाईंना फोन केला. कोण बोलतंय विचारलं. मी तुमची सून, म्हटलं. त्या फार मायेनं म्हणाल्या, नंबर चुकला असेल बाई. मला मूलबाळ नाही.

१५ डिसेंबर

दाट धुकं. गच्चीवर माणसं दिसत नव्हती, नुसता आवाज. एक कॉलनी —

पुढच्या रांगेत पिंकी. बाळ कडेवर. करडं जॅकेट. तिच्या नळाला पाणी आलंय. रणजितनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तिथे मी उभी राहायचे. माझी जागा आहे ती. सगळं देऊन मिळवलेली. भीती वाटायला हवी होती, पण आधी जळलेच.

१६ डिसेंबर

जिन्यात रणजित भेटले. हळू आवाजात म्हणाले, पहिल्यांदा “और कोई?” विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. मग दुसऱ्यांदा नाव आलं कुठून?

ते हसले. पिंकीनं तर दोघांना पाहिलं होतं, म्हणाले. खिडकीत उभी असलेली तिसरीही पाहिली होती.

१७ डिसेंबर

दाराबाहेर स्क्रू फिरवल्याचा आवाज. पाटी काढताहेत. मी आत आहे, आणि ते —

मी ओरडले. मिश्राइन जिन्यातच आहेत, त्या कुणाला तरी विचारताहेत, इस घर में कौन रहता था —

बेल. पिंकीचा आवाज, अगदी गोड. दीदी, रणजित भैया बुला रहे हैं। तिला भैया म्हणू देतात ते. मला कधी —

माझं नाव माया. माया राजरत्न रामटेके. मी इथे राहते. मी इथे ऑक्टोबरपासून रा