पोकळीभोवतीची भिंत

नल्लकुंटा, हैदराबाद

प्रिय संघूदादा,

सप्रेम जय भीम. आईनं नांदेडहून पाठवलेली कारळाची चटणी मिळाली. घरमालकीण भाग्यलक्ष्मीअम्मा अर्धी बरणी घेऊन गेल्या, तेव्हा पुन्हा पाठवायला सांग. सोमवारी तू इकडे येणार, हे काल आईनं फोनवर सांगितलं. कशासाठी येणार, तेही सांगितलं. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

तू मला उंदीरमामी म्हणून चिडवतोस, पण माझं काम नेमकं काय, ते कधी विचारलं नाहीस. आमच्या प्रयोगशाळेत उंदरीला बेशुद्ध करून तिच्या मज्जारज्जूला इजा करतात, आणि आत काय काय बदलतं ते आम्ही पाहतो. मागचे पाय लुळे पडतात. लघवी आपली आपण होत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ तिला तळहातावर घेऊन ओटीपोट हलकेच दाबावं लागतं. तू गाडीवरून पडलास तेव्हा नर्सनं आईला शिकवलं होतं, अगदी तसंच. ते काम माझ्याकडे आहे. भुशावर फरफटणाऱ्या पायांचा आवाज खोलीवर आले तरी कानातून जात नाही. भर बसमध्येसुद्धा ऐकू येतो.

मग रज्जूच्या पातळ चकत्या कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या. धडधाकट रज्जूत मधोमध फुलपाखरासारखा आकार दिसतो. इजेनंतर तिथं पोकळी असते. मार एकदाच बसतो, पण शेजारच्या पेशी नंतर कितीतरी दिवस मरत राहतात. आधार देणाऱ्या पेशी भोवती व्रणाची भिंत उभी करतात, आणि तुटलेले तंतू तिच्यापाशी येऊन थांबतात. दादा, प्रत्येक चकतीत मला तुझीच पाठ दिसते. फार भीती वाटते रे.

एका उंदरीच्या पोकळीत आम्ही नव्या पेशी सोडल्या, स्टेम सेल म्हणतात त्या. तिनं मागचा पाय हलवला, तेव्हा आमचे प्रमुख ओंकारसर यांनी सगळ्यांना उस्मानिया बिस्किटं वाटली. काही आठवड्यांनी तिला पुढच्या पंजांत दाणा धरता येईना. चकत्या पाहिल्या, तर त्या पेशींची गाठ होऊन ती वर मानेकडे पसरली होती.

सोमवारी दिलसुखनगरच्या त्या दवाखान्यात तू तशाच पेशी टोचून घेणार आहेस. त्यांच्या जाहिरातीत पाय हलवणारा उंदीर दाखवलाय म्हणे. पुढचं त्यात नसणार. तू ये, पण माझ्याकडे ये, तिकडे जाऊ नकोस. तुझे पाय परत देईल असं माझ्याजवळ अजून काही नाही, आणि हे तुला मीच सांगायचं! रागाव माझ्यावर. हे पत्र टराटरा फाडून टाक. ते फाडायला तुझे दोन्ही हात शाबूत आहेत, दादा, तेवढे तरी राहू देत.

तुझीच,
निशी