लोकांची अस्वलं

७ सप्टेंबर १९८८, बुधवार
नोकरीचा पहिला दिवस! राज्याच्या वन्यजीव खात्यात अस्वल-सहायक. हॉलिस फोर्क गावच्या चौकात माझ्यासाठी फळा लावला होता: 'या, ऑरिन टीग'. नावाचं स्पेलिंगही बरोबर. शाळा नववीतच सुटली, म्हणून मी अशा गोष्टी आधी तपासतो.

साहेब लाव्हॉन प्रुएट मोठे दिलखुलास आहेत. त्यांनी समजावलं, की या डोंगरातली अस्वलं पार संपली होती. लोकांनी मतं देऊन स्वतःवर कर लावून घेतला, तेव्हा कुठे ती परत आणता आली. म्हणून लोक आपले मालक. त्यांचं मन कधी मोडायचं नाही. खानावळीच्या मिस डेल्फांनी मऊ पावासारख्या गरम बिस्किटांवर वाटीभर ग्रेव्ही ओतली आणि म्हणाल्या, काय रे हे अंग पोरा, आमची अस्वलंसुद्धा तुला हुंगून सोडून देतील.

१० सप्टेंबर, शनिवार
आज अस्वल सोडताना पाहिलं. वस्तीत घुसलेलं अस्वल चाकांवरच्या मोठ्या लोखंडी नळ्यात पकडतात; आतलं आमिष ओढलं की मागे झडप पडते. दूर नेऊन नुसतं सोडलं तर ते परत येतं. म्हणून बाहेर पडताक्षणी आरडाओरडा करायचा, रबरी गोळ्या मारायच्या, कुत्री मागे सोडायची. माणसाची धास्ती बसली तरच ते जगेल. हे मला पटलं.

हे सगळं गावचे स्वयंसेवक हौसेने करतात. त्यांचा पुढारी हॉयट स्टॅम्पर, कुत्री त्याचीच. बायकांनी केक आणले होते. अस्वल झाडीत शिरलं तरी स्टॅम्पर गोळ्या झाडतच होता. मी म्हणालो, आता पुरे की. तर तो सगळ्यांना ओरडून म्हणाला, अरे बघा बघा, याला पान्हा फुटला! सगळे हसले. मीही हसलो.

२१ सप्टेंबर, बुधवार
चौदा नंबरच्या मादीच्या गळ्यातल्या रेडिओ-पट्ट्याचे संकेत तीन दिवस एकाच जागेवरून येत होते, म्हणून ओढ्यापर्यंत चालत गेलो. मादी पडली होती. पंजे कापून नेलेले, पोट फाडून पित्ताशय काढलेलं; चोरबाजारात दोन्हींना मोठा भाव आहे. दोन पिल्लं तिला लुचत होती.

शिकारीचा हंगाम खुला व्हायला अजून महिना आहे. मादीच्या अंगाखाली कुत्र्याचा तुटका पट्टा सापडला. त्यावरच्या पितळी पट्टीवर नाव: एच. स्टॅम्पर.

साहेबांना दाखवलं. त्यांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, हॉयट गेला की स्वयंसेवक गेले, ते गेले की नोव्हेंबरात कर पुढे चालू ठेवायला मतं नाहीत, आणि मतं नाहीत तर एकही अस्वल नाही. एक मादी गेली म्हणून डोंगर घालवू का? पट्टा त्यांनी खणात टाकला.

२३ सप्टेंबर, शुक्रवार
एक पिल्लू मेलं.

चोरट्या शिकारीची खबर द्यायला खात्याचा फोन आहे. नाव सांगावं लागत नाही. दुपारी केला. तारीख, जागा, स्टॅम्परचा पट्टा, सगळं क्रमाने सांगितलं. पलीकडची बाई शांतपणे लिहून घेत होती. शेवटी म्हणाली, छान नीट सांगितलंस हो, ऑरिन.

मी नाव सांगितलं नव्हतं.

तो फोनही गावचे स्वयंसेवकच घेतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आवाज मिस डेल्फांचा होता.

२६ सप्टेंबर, सोमवार
खानावळीत मला कुणी वाढलं नाही. रागावलं पण नाही कुणी. नुसते बघतात, वजनाचा अंदाज घेतल्यासारखे. वरच्या कचेरीला पत्र लिहिलं. तिकीट आणायला पोस्टात गेलो तर बाई म्हणाली, तिकिटं संपली. मागे गठ्ठा दिसत होता.

३० सप्टेंबर, शुक्रवार
नळ्यात आहे.

सकाळी साहेब म्हणाले, झडप अडकतेय, आत जाऊन आमिषाचा आकडा ओढून बघ. हे काम नवीन माणसाचंच. ओढला. झडप पडली. बाहेरून कुलूप —

हाका मारल्या. साहेबांची गाडी निघून गेली.

दुपार. भोकांतून उजेड येतो तेवढ्यात लिहितोय. मिस डेल्फांनी शिळं डोनट आत सारलं. म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नकोस राजा. धास्ती बसली की माणूस शहाणा होतो.

१ ऑक्टोबर, शनिवार
नळा ओढून नेतायत. थांबला. मैदान. भोकातून — सगळं गाव. घडीच्या खुर्च्या. केक. कुत्री.

ओरडलो, खबर मागे घेतो. लिहून देतो. काही पाहिलंच नाही म्हणतो —

साहेब भोकाशी वाकले. डोळे ओले होते त्यांचे. म्हणाले, अरे पोरा, हे काल तरी बोलायचंस. आता लोक आलेत. त्यांना हात हलवत परत कसं पाठवू?

विचारलं, गोळ्या रबरीच ना?

म्हणाले, ते मी कोण ठरवणार.

वळून लोकांनाच विचारलं. खऱ्या पाहिजेत त्यांनी हात वर —

स्टॅम्पर. पोस्टातली बाई. वर, वर — पोरंसुद्धा —

साहेब मोजतायत. मिस डेल्फांचा हात खाली आहे. सगळे त्यांच्याकडे बघतायत. खालीच आहे. एप्रनशी — नाही — त्या हात पुसून आता वर