चाकांच्या खुर्चीतून अखंड शॉट

३ मार्च, सकाळी सात
श्रीमत् पासपोर्टछायाचित्रधुरंधर, श्वेतपार्श्वभूमिसंरक्षक, एकतीस वर्षे समस्त प्रजेस ‘हलू नका’ अशी आज्ञा करणारे, संप्रति निवृत्त, असे आम्ही आज चलच्चित्रकलेत पदार्पण करीत आहोत. निमित्त, कन्येचा फोन. घराचा व्हिडिओ पाठवा म्हणाली. नीट राहताय असं दिसलं तर राहा तिथेच, नाहीतर मी न्यायला येते, मग कुरकुर ऐकणार नाही.
संकल्प : दारापासून गॅलरीपर्यंत एकच अखंड ट्रॅकिंग शॉट. एकट्याचे घर किती सुरळीत चालते, याचा सचल पुरावा.

४ मार्च
ग्रंथाध्ययन. कॅमेरा जागच्या जागी मान वळवतो तो पॅन, मान वर-खाली करतो तो टिल्ट, अख्खा निघतो तो ट्रॅक. पहिले दोन जेवणापूर्वीच हस्तगत. पॅनमध्ये चार दिवसांचे धुणे आले, टिल्टमध्ये जळमटे. दोन्ही तंत्रे कलादृष्ट्या सामान्य वाटतात.

५ मार्च
चालत चित्रण. चित्र डुलते. दोष गुडघ्यांचा नव्हे, फरशीचा. हिची शिलाई मशीनची चाकांची खुर्ची दोन वर्षांनी बाहेर काढली. उत्तम वाहन.

६ मार्च
किरकोळ तांत्रिक अडचण. खुर्चीत बसून शूट करणाऱ्यास मागून कोणीतरी ढकलावे लागते. ग्रंथकाराने हा मनुष्य घरात असतोच असे गृहीत धरलेले दिसते.

७ मार्च
समोरच्या बिऱ्हाडातील मास्तरांना पाचारण. ते म्हणाले, अहो, तुम्ही दार उघडलंत हेच विशेष; पण माझं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, पुढच्या महिन्यात ढकलतो. दूधवाल्याने ‘काका, पडाल’ एवढाच कलाविषयक अभिप्राय दिला.
निर्णय : स्वावलंबन. दाराला पाय लावून स्वतःस रेटणे.

८ मार्च, दुपार
रेटले. प्रारंभ भव्य. खुर्ची तीन हात सरळ गेली, मग डावीकडे वळून कपाटावर. पुढील पंधरा सेकंद छत. आमचे ‘आई गं’ सुस्पष्ट ध्वनिमुद्रित. प्रायोगिक शेवट म्हणून तसेच ठेवून पाठवले.

सायंकाळ
कन्येचा फोन. घर राहू द्या, म्हणाली, लागलं का ते सांगा. नाही म्हटले. मग म्हणाली, ती खुर्ची आईची ना? हो म्हटले. त्यावर म्हणाली, रविवारी येते. न्यायला की ढकलायला, ते तुम्हाला बघून ठरवते.

९ मार्च
वाहनाची तपासणी. डावे चाक अडण्याचे कारण सापडले. आसाला निळा दोरा आणि त्यात एक लांब केस गुंडाळलेला. कात्रीचे दोन मिनिटांचे काम. कात्री आणली. परत ठेवली. रविवारपर्यंत खुर्ची सरळ जायला हवी, हे मान्य. पण चाकाला साधे झाकण बसवायला या खुर्चीवाल्यांना काय होते, कळत नाही. अजून डावीकडेच ओढते आहे.