तुमच्या नंबरवर आलेला कोड

आबा, तुमचा नंबर आता जळकोटच्या एका बाईंकडे आहे. तुम्ही गेल्यावर आम्ही रिचार्ज केलं नाही, नंबर बंद पडला आणि कंपनीनं तो दुसऱ्याला दिला. हे मला कळलं नवा फोन घेतल्यावर. माझं मेलचं खातं त्यात उघडेना. पासवर्ड बरोबर होता, पण कोड तुमच्याच नंबरवर जात होता. आणि तुमचे सगळे व्हिडिओ त्याच खात्यात आहेत.

कॉलेजच्या अर्जासाठी मी ते खातं काढलं तेव्हा माकणीत आपल्या आळीतल्या पोरींकडे फोन कुठं होते? त्यांचे बाप दिवसभर रानात, म्हणून त्यांच्याही खात्यांना तुमचाच नंबर. कोड आला की तुम्ही ओट्यावर उभं राहून ओरडायचात, "चार, सात, सात, दोन! घेतला का गं?" शेजारची काकू म्हणायची, "भावजी, जरा जोरात सांगा की, धरणावर ऐकू गेलं न्हाय!" आणि तुम्ही खरंच पुन्हा ओरडायचात.

आता मी धाराशिवला बायकांना मोबाइल शिकवते. कोड कुणालाही सांगायचा नाही, हा माझा पहिला धडा. तरी त्या दिवशी मीच तुमच्या नंबरवर फोन लावला. जळकोटहून एक बाई बोलल्या. "मावशी, हा नंबर माझ्या वडिलांचा होता. तुम्हाला एक कोड आलाय, तेवढा सांगता का?"

"व्हय का? अन् माझं पैसं गेल्यावर तुझं वडील भरून देत्याल? ठेव फोन!"

रडू यायला हवं होतं, हसूच आलं. एवढी हुशार बाई माझ्या वर्गात अजून आली नाही.

रविवारी घरी गेले. माझा जुना फोन आई वापरते, त्यात खातं उघडंच होतं. तुम्ही म्हैस धुताय तो व्हिडिओ ती रोज बघते. तिथूनच मी माझा नंबर घातला, अडीनडीला खातं उघडणारे कोड कागदावर लिहून आईच्या ट्रंकेत ठेवले. मग पडद्यावर प्रश्न आला, जुना नंबर काढायचा का? माझं बोट थांबलेलं बघून आई म्हणाली, "काढ की. त्यांचं काय अडलंय आता?"

काढला.

आळीतल्या त्या पोरींच्या खात्यांवर मात्र तो अजून असणार. त्यांचेही कोड आता अनोळखी घरी जातील, हे त्यांना आजच सांगायला हवं. त्यासाठीच फोन हातात घेतला होता, आणि तुम्हाला लिहीत बसले. त्यांनीही काढला की तुमचा नंबर कुठंच राहणार नाही, आबा.