ही गाडी लाल आहे

प्रिय वुतदादा,

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र कोरातला, तुझ्या गॅरेजच्या पत्त्यावर पाठवतेय.

तू रागावलास ते बरोबरच आहे. नववीत शाळा सोडून तू मला शिकवलंस. सहा वर्षं संध्याकाळी खपून ती वाऱ्यासारखी पळणारी लाल गाडी उभी केलीस, माझ्या पदवीसाठी. आणि महिन्याभरात मी ती नको म्हटलं. वर व्याख्यानही दिलं: बँकॉकच्या गर्दीत एवढं जोरकस इंजिन कशाला, पेट्रोल किती जळतं, हवेचं काय. तू म्हणालास, "बाईसाहेब पदवीधर झाल्या, आता दादालाच शिकवणार!" मग मी घेतलेल्या जुन्या, छोट्या निळ्या गाडीच्या टायरला लाथ घातलीस. "ही गाडी आहे की भाताचा कुकर? रविवारी जन्मलीस, लाभणारा लाल सोडून बाधणारा निळा आणलास!" आईनं कुटलेलं कच्च्या पपईचं सोमतम तसंच टाकून लाल गाडी घेऊन गेलास.

कुकर चांगला आहे, दादा. लाटप्राव रस्त्यावर तासभर मुंगीच्या पावलांनी सरकले तरी क्लच दाबून पाय भरून येत नाही. गल्लीतले गतिरोधक पोट न घासता ओलांडतो. लाल गाडीत दर उंचवट्याला मी श्वास रोखून धरायचे. पण एका सकाळी रिकाम्या पुलावर तिला मोकळं सोडलं होतं, तेव्हा एकटीच मोठ्यानं हसले होते. हे तुला सांगायचं राहिलं.

आणखी एक सांगितलं नाही. पहिल्याच रविवारी आईला त्या गाडीतून देवळात नेलं. त्या खोल सीटवर ती कशीबशी बसली, पण देवळापाशी उठताच येईना. वाकलेले गुडघे सरळ होईनात. मी हात धरून ओढलं आणि ती भिक्षूंसमोर फरशीवर पडली. कपडे झटकत पहिलं काय म्हणाली? "वुतला कळता कामा नये. ती सीट त्यानं स्वतः शिवलीय." मी शब्द दिला आणि पेट्रोलचं व्याख्यान तयार केलं. सरळ खोटं बोलण्यापेक्षा ते मला जास्त खरं वाटलं. शहाणपणाचं सोंग होतं ते.

निळ्या गाडीत आई उभ्याउभ्या मागे सरकून बसते, माझा हातही लागत नाही. तरी गुडघ्यांच्या व्यायामाला जाताना रोज एकच म्हणते, "माझ्या गुडघ्यांनी भावंडं तोडली." ते ऐकवत नाही, म्हणून आज शब्द मोडतेय. सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला ये. आईच्या हातांवर पाणी घालायला आपण दोघं हवेत. ब्रेक जरा करकरतात, पण ते तुझ्याशिवाय कुणाला दाखवणार नाही. गल्लीत गाडी लगेच ओळखशील. न लाभणाऱ्या रंगाची बाधा टाळायला लोक मागच्या काचेवर स्टिकर लावतात ना, ज्याला मी कॉलेजात हसायचे? ते मीही लावलंय. ठळक अक्षरांत लिहिलंय, 'ही गाडी लाल आहे.'

तुझीच धाकटी,
रिनलदा