चेंडू धरून पडताना

कोच, तुम्हाला मराठी येत नव्हतं, म्हणूनच हे मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर दोन ओळींत आटपून टाकलं असतं.

नागपूरहून अमेरिकेत, ईडन प्रेरीला आलो तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि बर्फ फक्त फ्रीजमधला पाहिला होता. पहिल्याच हिवाळ्यात शाळेच्या पार्किंगमध्ये घसरले, हात टेकवला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, भीती निघेना. कारपासून शाळेच्या दारापर्यंत मी आईचा दंड धरून चालायचे. शेवटी एकदा म्हटलं, मला आजीकडे परत पाठव. आई जूनची तिकिटं बघायला लागली. तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. पी.टी.च्या तासाला मी बाकावर बसून असते, एवढंच तुम्ही पाहत होतात.

पी.टी. शिकवण्याआधी चार सीझन तुम्ही व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये रनिंग बॅक होतात. चेंडू काखेत दाबायचा आणि अंगावर येणाऱ्या माणसांमधून धावायचं, हे तुमचं काम. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन; मुलं त्या टचडाउनबद्दल विचारायची. तुम्ही म्हणायचात, "ते मोजकेच. बाकी प्रत्येक वेळी मला कोणीतरी पाडलंच. मला पगार पडण्याचाच होता."

एक दिवस शाळा सुटल्यावर तुम्ही जिममध्ये गादी अंथरलीत आणि तुमचा जुना, खरखरीत चेंडू माझ्या हातात दिलात. "छातीशी धर, दोन्ही हातांनी. आता पड."

"चेंडू कशाला?"

"रिकामा हात जमिनीकडे धावतो आणि मोडतो. चेंडू धरलेला माणूस खांद्यावर पडतो, लोळतो."

मला न्यायला आलेली आई दारातूनच मराठीत ओरडली, "अहो सर, तिचं हाड आत्ता कुठे जुळलंय!"

"काय म्हणाल्या?" तुम्ही मला विचारलंत.

"करू द्या म्हणाली."

तुम्ही आईच्या चेहऱ्याकडे पाहिलंत. "असं काही वाटत नाही बुवा," म्हणालात, आणि माझ्या हातातून चेंडू घेऊन स्वतःच पडलात. ज्या उजव्या गुडघ्यानं तुमचं करिअर संपवलं, तो वाकत नव्हता. पडणं सहज झालं, उठणं जमेना. आईनं पर्स खाली ठेवली, पुढे होऊन तुम्हाला हात दिला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बघतेस काय? पड आता."

मी पडले. चेंडू सुटला नाही. पुन्हा पडले. मार्चमध्ये पार्किंग एकटीनं ओलांडलं. चेंडू दप्तरात होता. जूनची तिकिटं आईनं काढलीच नाहीत. चेंडू परत द्यायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "ठेव. मला आता कोणी पाडत नाही."

मी कॉलेजात असताना तुम्ही गेलात. आता मी चालणारे रोबो बनवते. तोल गेला की ते हात छातीशी घेतात आणि खांद्यावर लोळतात. सहकारी विचारतात, हे कुठून सुचलं? मी म्हणते, एका शिक्षकांकडून. जास्त सांगत नाही.

तुमच्या शेवटच्या सामन्याची क्लिप ऑनलाइन आहे. गुडघा गेला तो क्षण तिच्यात आहे. ती मी कितीदा तरी लावली, पण शेवटपर्यंत एकदाही पाहिलेली नाही. तुम्ही गर्दीतून बाहेर पडता, समोर मोकळं मैदान असतं, आणि मी तिथेच ती थांबवते.