फुलं गळली की न्या

४ मार्च
सुखरूप पोहोचले. धाकटी गेल्यापासून आज पहिल्यांदाच छाती जरा मोकळी वाटली. तिचं घर उन्हाने भरलेलं आहे. मला तिचीच पूर्वेकडची खोली दिली आहे. खिडकीत तिची पांढरी ऑर्किड फुलांच्या भाराने वाकली आहे. तीच न्यायला मी आले. शेवटच्या फोनवर ती पुन्हा पुन्हा सांगत होती, ताई, हे रोप तू घेऊन जा, इथे ठेवू नकोस.

मेहुणे दारातच उभे होते. बायको जाऊन महिना झाला, पण शर्टाची इस्त्री मोडलेली नाही. "या, आकडसासूबाई. रोप तुमचंच. फक्त फुलात असताना हलवलं की कळ्या टाकतं. फुलं गळली की न्या." ठीक आहे. चष्म्याच्या दुकानातून निवृत्त झाल्यावर मला कसलीच घाई नाही.

८ मार्च
आज शेजारपाजारची मंडळी मेहुण्यांचं ज्ञान ऐकायला जमली होती. ऑर्किड घरात एकदाच फुलते असं लोक समजतात, यांच्याकडे ती पुन्हा पुन्हा फुलते. यांचं म्हणणं, फुलं गळल्यावर देठ बुंध्याशी कापू नये. खालून दुसरा सांधा बघायचा, त्याच्या वर कापायचं आणि जखमेवर दालचिनीची पूड लावायची. पूर्वेचं कोवळं ऊन, गार खोली, पाणी बेताचं. थोडं उपाशी ठेवलं की रोप फुलतं. सगळे माना डोलावत होते. याच गृहस्थांनी एकदा दिवाणखान्यातल्या प्लास्टिकच्या झाडाला महिनाभर पाणी घातलं होतं, हे धाकटीने मला हसत सांगितलं होतं. मी चहाचे कप उचलले. बोलून माणसं सुधारत नाहीत.

खिडकीत आणखी दोन कुंड्या आहेत. एकीत जांभळी ऑर्किड, ती त्यांच्या आईची. दुसरी रिकामी, नुसता सालींचा ताजा चुरा भरलेली. ही कशाला, असं विचारलं, तर म्हणाले, एक तयार असलेली बरी.

२१ मार्च
फुलं गळली. मी खोकं आणलं, आत कागद अंथरला. पण आंघोळ करून आले तोवर यांनी देठ कापून पूडही लावली होती. दुसऱ्या सांध्याच्या वर, अगदी नेमकं. म्हणाले, ताजी जखम आहे, आत्ता हलवलं तर मरेल. बायकोचं औषध आणायला या माणसाला दरवेळी आठवण करावी लागे. रोपाची जखम मात्र बरोबर कळते.

१९ एप्रिल
नवा देठ आला, फुललासुद्धा. पुन्हा 'फुलं गळली की न्या'.

ऑर्किडच्या मधल्या पाकळीला ओठ म्हणतात. त्या ओठाच्या डाव्या कडेला एक तपकिरी ठिपका आहे. धाकटीच्या ओठाखाली तीळ होता, तिथेच. आधीच्या फुलांवर होता का, आठवत नाही. मी जन्मभर काचांवरचे डाग शोधत आले, ठिपका असता तर दिसला असता. मेहुण्यांना दाखवला तर म्हणाले, "तुम्हा बहिणींना फार बारीक बघायची खोड."

२७ एप्रिल
ही ऑर्किड बिनवासाची, असं तेच लोकांना सांगतात. आज फुलाला बामचा वास आला. धाकटी कपाळाला चोळायची तोच. नाक जवळ नेलं तेव्हा सगळी फुलं माझ्याकडे वळलेली होती. सकाळी ती काचेकडे होती.

शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. सहज म्हणाल्या, तुमच्या बहिणीच्या सासूबाईही शेवटी त्याच खोलीत होत्या, पाणी पाणी करायच्या. मग तेही करेनाशा झाल्या. आणि त्यांच्या जांभळ्या फुलांना, त्या ओढायच्या त्याच तपकिरीचा वास कसा येतो हो?

४ मे
मला हल्ली तहान लागत नाही. तांब्या अर्धाच भरलेला असतो, हे आज लक्षात आलं. मेहुणे रोज सकाळी येऊन माझी खुर्ची उन्हाकडे वळवून जातात. मी याला माया समजत होते. मूर्ख मी, तो नाही.

खोली फार गार आहे. धाकटी फोनवर म्हणायची, काही नाही गं, नुसता थकवा आहे.

ती अजून सुटलेली नाही. कापायचा, फुलवायचा, पुन्हा कापायचा. लोक वाहवा करतात.

६ मे
ते बाहेर गेले होते. मी कात्री घेतली आणि देठ बुंध्याशी, अगदी बुंध्याशी कापला. मुळंही. मुळांत लांब काळे केस गुंतलेले होते. तिला म्हटलं, जा आता.

दुपारपर्यंत फुलं कागदासारखी झाली. बामचा वास गेला. खूप रडले. बरं वाटलं.

माझ्या बोटालाही कात्री लागली, तर्जनीला. आल्यावर ओरडतील वाटलं होतं. नुसते हसले. माझा हात धरून जखमेवर पूड लावली. तांबूस, गोड वासाची—

दालचिनी.

९ मे
निघणार होते. जिन्यापर्यंतच गेले. पाय—पाय उचलवत नाहीत, तळव्यांना काहीतरी चिकटल्यासारखं. त्यांनी अलगद खुर्चीत आणून बसवलं. म्हणाले, "या दिवसांत हलवू नये, ताई."

पहिल्यांदाच ताई म्हणाले.

१३ मे
रिकामी कुंडी रिकामी नाही. सालींतून हिरवं टोक. मुळाशी माझा, विंचरताना गळलेला केस—

मंडळी आली होती. मला बघून म्हणाली, छान निगा राखलीत. मी बोलायचा प्रयत्न—जीभ कोरडी. हा मूर्ख, टाळ्या घेणारा, प्लास्टिकच्या झाडाला पाणी घालणारा—

मे
डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्या तर्जनीचं वरचं पेर सकाळी नव्हतं. दुसऱ्या सांध्याच्या वर, नेमकं. पूड लावलेली. रक्त नाही. दुखत नाही.

कोणी रोप न्यायला आलं तर थांबू नका. फुलात असलं तरी—

ऊन आलं. मान आपोआप तिकडे—

बोटाच्या टोकाशी काहीतरी हिरवं, गुंडाळलेलं, उघ